उनाड पेशी

बारकी मेंदूच्या पेशी वाढवायची. हे कुणाला सांगितलं की समोरचा जरा मागे सरकायचा, नाहीतर आमच्या साहेबांसाठी थोड्या बाजूला काढून ठेव म्हणायचा. हा विनोद तिने इतक्यांदा ऐकला होता की आता ती हसायचे कष्टही घेत नसे. काम म्हणाल तर ते तान्हं बाळ सांभाळण्याचं. वेळेवर खायला घालायचं, ऊब कमी पडू द्यायची नाही, घाण साचली की काढायची आणि रुसवा आला तर तो कशाचा ते ओळखायचं. बाळ निदान रडून सांगतं. पेशी काही न सांगता मरून जातात.

या पेशी अजून कोवळ्या असतात. मेंदूत जायचं एवढं त्यांचं ठरलेलं असतं, तिथे जाऊन नेमकं काय व्हायचं ते ठरायचं बाकी असतं. रक्त न पोचल्यामुळे कुणाच्या मेंदूचा एखादा तुकडा मेला, की सर्जन बारीक सुईने त्या जागेच्या कडेला या पेशी सोडतात. बऱ्याचशा मरतात. थोड्या रुजतात, आणि रुजल्या की आसपासच्या दमून बसलेल्या पेशींनाही कामाला लावतात. मग कुणाचं बोट हलतं, कुणाचा पाय उचलला जातो. सगळ्यांचं नशीब असं नसतं, पण एखाद्याचं बोट हललं तरी लॅबमध्ये आठवडाभर सगळ्यांचे चेहरे फुललेले असायचे.

प्रत्येक खेपेत काही पेशी मात्र अशा निघतात, की त्यांनी आयुष्यात काही ठरवलेलंच नसतं. त्या नुसत्या एकीच्या दोन आणि दोनाच्या चार होत बसतात. लॅबमध्ये त्यांना उनाड म्हणायचे. उनाड पेशी बशीत सापडली तर बशी फेकून देता येते. माणसाच्या डोक्यात गेली तर ती तिथे गाठ करते, आणि कवटीत गाठीला पसरायला जागा नसते. म्हणून एक नियम होता. या उनाडांना फ्लास्कच्या तळाला घट्ट धरून बसायची खोड असते. तेव्हा पेशी काढताना औषध घालायचं, फ्लास्क हलकेच डोलवायचा, जे आपणहून सुटेल ते घ्यायचं आणि जे चिकटून राहील ते फ्लास्कसकट टाकायचं. नव्याने आलेल्या मुलींना हा नियम बारकीच शिकवायची. तळाला कितीही उरलेलं दिसलं तरी जीव तुटू द्यायचा नाही, असं दटावूनच सांगायची.

आणि तो नियम मोडला तिनेच.

बारकी हे नाव दादाने ठेवलेलं. आई-वडील लवकर गेले, दादानेच तिला लहानाची मोठी केली, आणि पन्नाशीला टेकली तरी त्याच्या लेखी ती बारकीच राहिली. घरात अन्न कमी पडायचं त्या दिवसांत तो पातेल्याचा तळ खरवडून तिच्या ताटात वाढायचा आणि स्वतः पाणी पिऊन पोट भरल्याची ढेकर द्यायचा. काही टाकून द्यायचं असतं हे त्या घराला ठाऊकच नव्हतं.

पुढे दादा बंदरावर क्रेन चालवायला लागला. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून अवजड डबे जहाजातून उचलायचे आणि अलगद खाली ठेवायचे, हे त्याचं काम. तोंड मात्र रिकामं असायचं, म्हणून खालच्या माणसांशी वॉकीटॉकीवर त्याची अखंड टकळी चालू. नकला काय, टोमणे काय, साहेबाच्या चालण्याचं धावतं वर्णन काय. एका दुपारी तो बोलता बोलता मध्येच थांबला. डबा हवेत लटकत राहिला. खालच्यांना वाटलं, हा आता काहीतरी मस्करी करणार, म्हणून ते हसत वर बघत राहिले. वर जाऊन बघायला वेळ लागला तो त्यामुळेच.

दादा वाचला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडातून निघायचं ते एक लांबलचक ‘हं’. अशा बोलघेवड्या माणसाचं ते ‘हं’ ऐकलं की बारकीला घरातून पळून जावंसं वाटे. वहिनी त्याच्या डोळ्यांवरून ओळखून सगळं करायची, आणि चुकलं की तो डाव्या हाताने कपाळ बडवून घ्यायचा.

बारकीच्या लॅबमधल्या पेशी ज्या रुग्णालयात जायच्या, तिथेच या उपचारासाठी दादाची निवड झाली. लॅबमध्ये रुग्णाचं नाव येत नसे. पण वहिनीला घेऊन सर्जनकडे गेली होती ती बारकीच, तेव्हा तो डोस कुणाचा हे तिला न कळायला ती काय डोळे मिटून बसली होती? ही खेप माझ्या भावाची आहे, दुसऱ्या कुणाला द्या, असं तिने लॅबच्या प्रमुख मॅडमना सांगायला हवं होतं. घरच्यासाठी घरच्याने पेशी काढायच्या नाहीत असा तिथे नियमच होता, आणि करणाऱ्याने तो माणसं ओळखून केला होता. ती बोलली नाही. माझ्याइतक्या मायेने हे कोण करणार, असं तिला वाटलं.

आणि नेमक्या त्याच खेपेला पेशी कमी भरल्या. डोस पुरा होईना. पुढची खेप तयार होईपर्यंत दादाची मुदत टळली असती, कारण झटका येऊन फार काळ लोटला की मग त्या माणसाला घेत नसत. बारकीने फ्लास्क उजेडाकडे धरला. तळाला अजून दुधट साय दिसत होती. तिने औषध पुन्हा घातलं, ठेवायला हवं त्याहून जास्त वेळ ठेवलं, आणि फ्लास्कच्या कुशीवर तळहाताने चापट्या मारल्या. साय सुटली. डोस पुरा झाला. त्या घडीला तिला भीती शिवलीसुद्धा नाही. उलट दादाच्या ताटात आपण पोटभर वाढलं या आनंदात ती हात धुवायला गेली.

भीती नंतर आली, आणि आली ती मुक्कामालाच.

प्रत्येक डोसमधल्या चिमूटभर पेशी एका बशीत मागे ठेवायची लॅबची पद्धत होती. तिला मागची प्लेट म्हणत. रुग्णाच्या डोक्यात डोकावता येत नाही, म्हणून त्याच खेपेतल्या या पेशींकडे बघत राहायचं. बारकी रोज सकाळी ती प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पेशी छान लांबत होत्या, एकमेकींकडे बारीक तंतू सोडत होत्या. ती सुटकेचा श्वास सोडायची आणि दुपार होईपर्यंत पुन्हा घाबरायची.

तिकडे दादाचं बोट हललं. मग मूठ वळली. एके दिवशी वहिनीचा फोन आला आणि फोनवर नुसतं रडणं. शेवटी वहिनी कशीबशी म्हणाली, की चहात साखर कमी आहे म्हणाले गं, स्वतःच्या तोंडाने म्हणाले. त्यानंतर शब्द येतच राहिले. आधी अडखळत, मग भराभर, आणि मग पूर्वीसारखी टकळी सुरू झाली. फिजिओथेरपी करायला येणाऱ्या मुलीची त्याने अशी नक्कल केली की ती मुलगीच खुर्चीवर बसून हसली. मॅडमनी लॅबमध्ये सगळ्यांना पेढे वाटावेत तशी ती बातमी वाटली. त्या म्हणाल्या, इतका चांगला परिणाम आपण आजवर पाहिला नव्हता. बारकी सगळ्यांबरोबर हसली, आणि तशीच जाऊन मागची प्लेट बघून आली.

गाठ तिला दिसली ती अशीच एका सकाळी, रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत असताना. प्लेटच्या कडेला एक गोल ठिपका. आसपासच्या पेशी लांब झालेल्या, तंतू पसरून स्थिरावलेल्या, आणि त्यांच्यात हा गुटगुटीत, कड चमकणारा गोळा. बारकीने भिंग बदललं. मग प्लेट दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर नेली, जणू पहिला खोटं बोलत होता. तिथेही ठिपका तसाच होता. असे ठिपके तिने आयुष्यभर ओळखले होते आणि मुलींना ओळखायला शिकवले होते. ती स्टुलावर बसून राहिली. आपल्या हातांकडे बघवेना म्हणून तिने हातमोजे काढलेच नाहीत.

सांगायचं की नाही? सांगितलं तर काय होणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. या पेशी वाढवतानाच त्यांच्यात एक कमजोरी घालून ठेवलेली असे. एक ठराविक गोळी काही दिवस दिली की त्या पेशी मरायच्या, शरीराच्या इतर पेशींना फारसं काही व्हायचं नाही. लॅबमध्ये तिला बंदची गोळी म्हणत. मोठी हुशारीची सोय. फक्त त्या गोळीला उनाड कोण आणि शहाणी कोण हे कळत नसे. ती सगळ्यांनाच मारायची. म्हणजे गाठ गेली असती, आणि तिच्याबरोबर दादाचा हात आणि दादाचं बोलणंही. न सांगावं, तर प्लेटमध्ये आहे ते दादाच्या डोक्यातही असेलच असं कुठे होतं? डोक्यात उतरलेल्या सगळ्या पेशी शहाण्याच असतील कदाचित. माणूस घाबरला की असल्या कदाचितला घट्ट धरतो.

दोन दिवस तिने तोंडाला कुलूप लावलं. त्या दोन दिवसांत दादाने तिला फोन करून पूर्वीसारखं पिडलं. तिसऱ्या दिवशी तो सहज म्हणाला, की सकाळी उठलं की डोकं जरा जड असतं, बोलून बोलून दुखत असेल. बारकी फोन ठेवून सरळ मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गाठ, चापट्या, आणि तो माझा भाऊ आहे हेही.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी एकच विचारलं.

“दुसऱ्या कुणाचा डोस असता, तर काय केलं असतंस?”

“कमी पडला म्हणून टाकून दिला असता,” बारकी म्हणाली.

मॅडमनी सर्जनना फोन लावला. बारकीला त्या दिवसापासून पेशींना हात लावायला बंदी झाली, आणि ते योग्यच होतं. दादाला तपासणीला बोलावलं. वहिनीला वाटलं नेहमीची तपासणी आहे. मशीनमध्ये जाताना दादाने आतल्या माणसाला विचारलं, की एवढ्या महागड्या नळीत झोपवता, निदान उशी तरी चांगली द्या. बाहेर बारकी भिंतीला टेकून उभी होती.

फोटोत ठिपका निघाला. लहानसा. सर्जन म्हणाले, ही जखम भरतानाची सूज असू शकते, गाठही असू शकते. थांबून पुन्हा फोटो काढला तर कळेल, पण गाठ असेल आणि थांबण्यात वाढली, तर मग गोळीही पुरी पडेल की नाही याची खात्री ते देऊ शकत नव्हते. दादाला त्यांनी सगळं समजावलं, वहिनी औषधांच्या दुकानात गेलेली असताना. डोस काढताना नियम मोडला गेला एवढं ते म्हणाले. कुणी मोडला ते दादाने विचारलं नाही. त्याने फक्त बारकीकडे एकदा बघितलं. गोळ्यांचं पाकीट देऊन सर्जन म्हणाले, निर्णय तुमचा, पण आजच्या आज घ्या.

ते तिघे दुपारी घरी आले. वहिनी स्वयंपाकघरात शिरली. दादा जेवणाच्या टेबलाशी बसला, पाकीट समोर ठेवलं, आणि बारकीला समोरची खुर्ची दाखवली. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

“तूच ना?” त्याने हळू आवाजात विचारलं.

तिने मान हलवली. ती रडायला लागणार असं दिसताच त्याने बोट ओठांवर ठेवून स्वयंपाकघराकडे खूण केली.

“रडायचं ते नंतर रड. आता मला सांग. तो ठिपका तू तिकडे बशीत बघितलास. सूज आहे की गाठ?”

“माहीत नाही, दादा.”

“डॉक्टरला माहीत नाही हे मी ऐकलंय. तुला विचारतोय.”

ठाऊक नाही म्हणावं असं बारकीला मनापासून वाटत होतं. थांबू या, आणखी एक फोटो काढू या, असं म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं, आणि तोवर हे घर असंच बोलकं राहिलं असतं. तिचा नुसता शब्द लागणार होता. आणि ती गाठ निघाली असती तर याच टेबलाशी त्याला फिट येताना तिने बघितलं असतं. दोन्ही गोष्टी तिला डोळ्यांसमोर लख्ख दिसत होत्या आणि दोन्हींची तिला सारखीच दहशत बसली होती.

“मी परका असतो,” दादा म्हणाला, “तुझ्या लॅबमधला कुणीही नंबर असतो, तर काय सांगितलं असतंस?”

बारकीने उत्तर द्यायला फार वेळ लावला. तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला मध्ये न तोडता थांबला होता.

“गोळी घ्या, असं सांगितलं असतं,” ती म्हणाली. “आजच.”

“मग झालं तर. मला परक्यासारखंच वागव. तेवढं तरी कर आता.”

हे तो रागाने म्हणाला की मायेने, ते तिला कळलं नाही. बहुधा रागानेच. त्याला राग यायला हवा होता, आणि तो आला म्हणून तिला एका परीने बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

दादाने उजव्या हाताने पाकीट उचललं. चंदेरी कागद अंगठ्याने दाबून गोळी बाहेर काढली, तळहातावर घेतली आणि तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला. एवढ्या बारीक कामाला महिन्याभरापूर्वी ती बोटं वळत नव्हती. मग त्याने गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याला. बारकीला ओरडून त्याचा हात धरावासा वाटला. ती खुर्चीची कड पकडून बसून राहिली.

वहिनी हात पुसत बाहेर आली. गोळी कसली म्हणून तिने विचारलं.

“रक्त पातळ करायची,” दादा झटकन म्हणाला. “थोडे दिवस घ्यायची. सगळ्यांना देतात.” खोटं बोलतानाही त्याची जीभ कुठे अडखळली नाही. बारकीने त्याला दिलेली जीभ तो बारकीलाच वाचवायला वापरत होता.

तिने मानेनेच नाही म्हटलं. दादाने डोळे वटारले. ती थांबली नाही. तिने वहिनीला सगळं सांगितलं. पेशी कमी पडल्या होत्या, तळाच्या घ्यायच्या नसतात त्या मी घेतल्या, त्यांतली एखादी वाढायला लागली असावी, ही गोळी तिला मारील, आणि बाकीच्यांनाही मारील. वहिनी शिव्या देईल, हात उगारेल, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस म्हणेल, या सगळ्याची तिने मनात तयारी केली होती.

वहिनीने यातलं काहीच केलं नाही. गॅसवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला तरी तिला भान नव्हतं.

“बोलणं जाईल?” तिने विचारलं.

“जाईल.”

“कधी?”

“सांगता येत नाही, वहिनी. दोन-चार दिवस राहील, किंवा त्याच्याही आधी जाईल. थोडंफार कायमचंही राहील कदाचित. मला खरंच माहीत नाही.”

वहिनी आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने एक खुर्ची ओढली आणि बारकीकडे पाठ करून दादाच्या अगदी समोर बसली, त्याच्या गुडघ्यांना गुडघे लागतील अशी. त्याचा उजवा हात तिने दोन्ही हातांत धरला.

“बोला,” ती म्हणाली. “काहीही बोला. मी ऐकतेय.”

दादाने घसा खाकरला आणि बंदरावरची एक जुनी गोष्ट काढली, साहेब पाण्यात पडला होता ती. वहिनीने ती कितीतरी वेळा ऐकलेली होती. तरी ती मान डोलवत राहिली.

बारकी दाराशी उभी होती. तिथून जाणं तिला जमेना आणि बसायला कुणी सांगितलं नव्हतं. गोष्ट सांगता सांगता दादा मध्येच एका शब्दापाशी थांबला. वहिनीची पाठ एकदम ताठ झाली. दादा दोघींकडे बघत होता, आणि शब्द अजून आला नव्हता.